पुळणीवरचा साबुदाणा: हा येतो कुठून, आणि वेचून काही उपयोग आहे का?

अबोली_७२

गणपतीला सासरी आचऱ्याला (ता. मालवण) गेलो होतो. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीला घेऊन पुळणीवर गेले. रात्री उधाणाची भरती होऊन गेलेली. पाणी जिथवर चढून मागे फिरलं होतं तिथे नेहमीसारखा पट्टा पडला होता. काटक्या, सोडणं, एका पायाच्या चपला, थर्माकोल, समुद्रफेस, दोरीचे तुकडे.

लेक (वय ९) त्या पट्ट्यात उकिडवी बसून काहीतरी वेचत होती. म्हणाली, "आई, कोणाचातरी साबुदाणा सांडलाय."

खरंच साबुदाणाच! मसुराएवढे दाणे, एका बाजूने किंचित चपटे. बरेचसे पांढरे, काही पिवळट, दोन-चार तर अगदी कोऱ्या चहाच्या रंगाचे. मी एक चावूनही पाहिला (हो, चावला, नंतर घरी बोलणी खाल्ली). रबरासारखा लागला. एकदा नजर बसल्यावर मग सगळीकडे तेच दिसायला लागले. मर्यादवेलीच्या पानांखाली तर वाऱ्याने ढीग करून ठेवले होते. अर्ध्या तासात आइस्क्रीमचा कप भरला. घरी ताटात ओतून मोजले, ४१२.

सासूबाई म्हणाल्या टाकून दे. दीर म्हणाले केरळला जहाज बुडालं ना, त्यातला माल आहे. लेक म्हणाली उद्या परत जाऊन सगळे वेचूया. सगळे!

तर प्रश्न असे: हे नक्की काय आहे? आचऱ्याला कुठून आलं? आणि असं कपाने वेचून काही होतं का, की मी पोरीला खोटी आशा लावतेय?

गजालीवाला

ह्यो साबुदाणो उपासाक चलता काय?

रुमालटाक्या

रुमाल टाकून ठेवतो. विषय जोरदार आहे.

मोल्डिंगवाला

ताई, तो साबुदाणा नाही, तो आमचा दाणा!

वसईला माझं छोटं युनिट आहे, बादल्या-टब बनवतो. प्लॅस्टिकचा कच्चा माल असाच येतो, २५ किलोच्या गोणीत. धंद्यात त्याला दाणाच म्हणतात. नवा असेल तर व्हर्जिन दाणा, भंगारातून केला असेल तर रिप्रोसेस. मशीनच्या हॉपरमध्ये ओतायचा, वितळवायचा, साच्यात दाबायचा. तुमच्या घरातली प्लॅस्टिकची प्रत्येक वस्तू आधी हा दाणा होती. एक दाणा साधारण २० ते २५ मिलिग्रॅमचा. म्हणजे एका गोणीत दहा लाखांच्या आसपास, हिशेब करा.

पण एक आधीच सांगतो. दाणा म्हणजे पैसा. कोणी मुद्दाम समुद्रात फेकत नाही. कारखान्यांच्या नावाने ओरड सुरू व्हायच्या आत लिहून ठेवतो.

गजालीवाला

आमच्या आज्येन पूर्वी एकदा वेचून चुलयेत टाकून बघलेली. माशाची अंडी असतली म्हणून. मेणासारखी वितळली आणि घरभर असो वास सुटलो की आजो अंगणात जावन बसलो.

वाळूघड्याळ

आजीबाईंनी केली ती खरोखरच चाचणी आहे. तापलेली सुई लावून बघतात: प्लॅस्टिक वितळतं, शिंपला किंवा बी वितळत नाही. (घरात करू नका, धूर वाईट.)

निवृत्त आहे, किनाऱ्यावरचा गाळ आणि वाळू यांत नोकरी गेली. थोडं सविस्तर लिहितो.

५ मिमीपेक्षा लहान प्लॅस्टिकच्या कणाला सूक्ष्मप्लॅस्टिक म्हणतात. हा शब्द रुळला तो २००४ पासून. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या रिचर्ड थॉम्पसन यांनी 'सायन्स'मध्ये एक छोटा निबंध लिहिला. प्रश्न साधा होता, समुद्रात गेलेलं एवढं प्लॅस्टिक जातं कुठे? त्यातलं एक उत्तर होतं वाळूत आणि गाळात. पण दाणे त्याच्याही कितीतरी आधीचे. १९७२ मध्येच अटलांटिकमधल्या सारगॅसो समुद्रात जाळं ओढताना ते सापडल्याची नोंद आहे.

सूक्ष्मप्लॅस्टिकच्या दोन जाती. एक, जन्मतःच बारीक: हा दाणा, फेसवॉशमधले मणी वगैरे. दुसरी, मोठ्या वस्तूची भुकटी होऊन झालेली. दुसरीच्या कारखान्याचं नाव पुळण. उन्हाने प्लॅस्टिक ठिसूळ होतं, वाळू ते घासते, लाटा आपटतात. खोल समुद्रात थंड अंधारात जी बाटली वर्षानुवर्षं टिकेल, ती पुळणीवर लवकर फुटते.

अबोलीताई, तुमचे पिवळे आणि चहाच्या रंगाचे दाणे जुने. हवा-ऊन लागून दाणा पिवळा पडत जातो. पांढरे ते त्या मानाने नवे. एकाच कपात सगळे रंग सापडले म्हणजे ते एका जहाजातून, एका दिवशी आलेले नाहीत.

तर्कट

दिरांचं म्हणणं एवढ्यात निकालात काढू नका. एमएससी एल्सा ३ हे जहाज २५ मे २०२५ ला कोचीजवळ बुडालं. विळिंजमहून कोचीला निघालं होतं, सहाशेच्या वर कंटेनर. त्यात दाणे होतेच. तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यावर गोण्याच्या गोण्या लागल्या, स्वयंसेवक चाळण्या घेऊन बसल्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. केरळ सरकारने ९,५३१ कोटींचा दावा लावलाय. तीन महिन्यांत दाणे कोकणात आले तर नवल काय?

वाळूघड्याळ

नवल आहे, कारण प्रवाह उलटा आहे. पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो, हिवाळ्यात दक्षिणेकडून उत्तरेकडे. म्हणून तर ते दाणे खाली कन्याकुमारीच्या बाजूला, तमिळनाडूपर्यंत गेले. सप्टेंबरात आचऱ्याला मिळालेले दाणे खोल समुद्रातून वाऱ्याने लोटत आलेले असतील, नाहीतर उत्तरेकडून.

थंडीत मात्र तर्कटरावांचा मुद्दा तपासून बघण्यासारखा असेल.

मोल्डिंगवाला

उत्तरेकडून म्हणजे आम्हीच ना? या फिरून!

मांडवीकाठ

पणजीची मी. आमच्याकडे हे दाणे एल्साच्या फार आधीपासून आहेत. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी केरी, वागातोर, कळंगुट, कोलवा, मोबोर, गालजीबाग अशा सहा किनाऱ्यांवर फक्त दाणेच वेचले होते. निबंध २०१६ चा. बहुतेक पांढरे, बहुतेक पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रोपिलीन या प्लॅस्टिकचे. निष्कर्ष असा की मुख्यतः नैऋत्य मोसमी वाऱ्यांनी आणि प्रवाहांनी समुद्रातून ढकलून आणलेले. म्हणजे वाळूघड्याळकाका म्हणतात तेच.

मला स्वतःला आठवतात ते डांबरगोळ्यांसोबत. मे-जूनमध्ये आमच्या किनाऱ्यांवर डांबराचे काळे गोळे येतात, जहाजांच्या तेलाचे. लहानपणी पायाला लागले की आई खोबरेल लावून काढायची. हल्ली असा गोळा फोडला तर आत दाणे रुतलेले दिसतात. चिक्कीत शेंगदाणे असतात तसे.

कोलंबीभात

चिक्कीची उपमा वाचून जेवण थांबवलं.

माझा प्रश्न सरळ: तिसऱ्या (शिंपल्या) खायच्या की नाही?

दर्यासारंग_हर्णे

दाण्याचं सगळे बोलताय. आमच्या नजरेनं बघा, दाण्याच्या वर धागा आहे. (हा धागा नव्हे, जाळ्याचा.)

बंदरात बसून लोक जाळी शिवतात. जुनी दोरी कापली, टोक जाळून गाठ मारली, कापलेला तुकडा तिथेच. जाळं तळाला घासून झिजतं ते वेगळंच. निळे, हिरवे, नारिंगी केस असावेत तसे तंतू वाळूत असतात, मुठीत वाळू घेऊन उन्हात धरली की चमकतात. आमचा आजोबा सुताची जाळी झाडाच्या सालीच्या काढ्यात शिजवायचा, बोये (जाळं तरंगत ठेवणारे) लाकडाचे. ते कुजायचं, त्रासाचं होतं, वर्षाला नवं करावं लागायचं. नायलॉन आलं तेव्हा आजोबाने पेढे वाटले होते असं आई सांगते. त्याला काय माहीत, आणि माहीत असतं तरी त्याने पेढे वाटलेच असते.

बोटीवरून कचरा टाकायचा नाही असं आता तरुण पोरं म्हणतात, काही जण पाळतात. पण फाटकी जाळी घेणार कोण? भंगारवाला वजनाला दर देतो तो वाहतुकीलाही पुरत नाही.

अबोली_७२

दर्यासारंग, आजोबांच्या पेढ्यांवरून माझ्या सासऱ्यांचं आठवलं. रापणीला (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याला) पहिल्यांदा प्लॅस्टिकचे बोये लावले तेव्हा म्हणे लोक बघायला आले होते.

डॉ_कडूकिराईत

कोलंबीभात, तिसऱ्या, कालवं, शिणाणे पाणी गाळून जगतात, त्यामुळे पाण्यातलं आणि गाळातलं त्यांच्यात येतंच. आपण वाळू सुटावी म्हणून त्या मिठाच्या पाण्यात ठेवतो त्याने थोडं बाहेर पडतं, सगळं नाही. सुरमई-पापलेटचं आतडं काढून टाकतो, त्यामुळे ते त्या मानाने बरे. सुकट-जवळा अख्खा खातो.

मी काय करते? खाते. पण तिसऱ्या नाल्याच्या तोंडाजवळच्या घेत नाही, आणि ते प्लॅस्टिकपेक्षा इतर कारणांसाठी जास्त.

तर्कट

मग एवढा गहजब कशाला? व्हॉट्सॲपवर फिरतंच आहे, माणूस दर आठवड्याला क्रेडिट कार्डाएवढं प्लॅस्टिक खातो. माझ्या हिशेबाने मी आतापर्यंत अख्खी बँक गिळलीय. तब्येत ठणठणीत.

डॉ_कडूकिराईत

क्रेडिट कार्डाच्या बाबतीत तुमची शंका रास्त आहे. तो २०१९ चा आकडा. नंतर इतर संशोधकांनी हिशेब मांडला तेव्हा तो कितीतरी पटींनी खाली आला. ती बातमी मीही फॉरवर्ड केली होती, कबूल.

पण "काहीच नाही" असंही म्हणता येत नाही. २०२४ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी मानेच्या धमनीतून काढलेल्या चरबीच्या थरांत प्लॅस्टिक शोधलं. २५७ रुग्णांचा पाठपुरावा केला, त्यातल्या १५० जणांच्या थरात पॉलिइथिलीन होतं, आणि त्या गटात पुढच्या सुमारे तीन वर्षांत हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा मृत्यूचं प्रमाण साडेचार पट निघालं. यावरून प्लॅस्टिकमुळेच झालं असं सिद्ध होत नाही, सोबत आढळलं इतकंच. माझ्यासारखीला सावध करायला तेवढं पुरतं.

तर्कट

ठीक. नोंद घेतली. बँक परत करतो.

रुमालटाक्या

तर्कट कोणाचंतरी ऐकताना प्रथमच पाहिला. डुआयडी (दुसऱ्या नावाने आलेला कोणी) तर नाही ना?

वर्सोवाकर

अबोलीताईंच्या तिसऱ्या प्रश्नावर कोणीच बोललं नाही अजून, म्हणून मी.

ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह यांनी वर्सोव्याला साफसफाई सुरू केली त्याच्या पुढच्या वर्षी मी गेलो, मग बरेच रविवार जात राहिलो. गुडघाभर कचरा होता, ही अतिशयोक्ती नाही. मार्च २०१८ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं निघाली तो दिवस विसरणार नाही.

पण एक गोष्ट कोणी सांगत नाही. पिशव्या, गोण्या, कपडे उचलल्यावर खाली जी वाळू दिसते ती स्वच्छ वाटते. गुडघ्यावर बसून बघा. वर्सोव्यालाच असलेल्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेच्या संशोधकांचा २०१३ चा निबंध आहे, जुहू, वर्सोवा, आक्सा, दादर या चार किनाऱ्यांवर. मिळालेल्या प्लॅस्टिकच्या तुकड्यांत संख्येने ४० टक्क्यांहून जास्त १ ते ५ मिमीचे. ते हातमोज्यात येत नाहीत. आणि यंत्राने चाळायला गेलात तर वाळू, किडे, खेकड्यांची बिळं, सगळंच चाळलं जातं. एकदा एका किनाऱ्यावर असं यंत्र फिरताना पाहिलंय. मागे राहिलेली वाळू नुकतीच दाढी केलेल्या गालासारखी.

म्हणून माझं उत्तर: मोठं उचला. आज उचललेली एक पिशवी म्हणजे उद्याचे हजारो कण वाचले. दाणे वेचून किनारा साफ होत नाही.

वाळूघड्याळ

सहमत. ब्राझीलमध्ये सान्तोस बंदराजवळच्या पुळणीवर खड्डे खणून दाणे मोजले होते. २ मीटर खोलपर्यंत मिळाले, आणि वरच्या थरात दिसणारे एकूण दाण्यांच्या १० टक्क्यांहूनही कमी. लाटा पावसाळ्यात वाळू नेतात, नंतर परत आणून घालतात, त्यात दाणे पुरले जातात.

प्लॅस्टिकने वाळूचा गुणही बदलतो. हवाईतल्या कामिलो बीचच्या वाळूचे नमुने तपासले तेव्हा प्लॅस्टिकमिश्रित वाळूतून पाणी लवकर झिरपलं आणि ती हळू तापली. कासवाच्या अंड्यातून नर निघणार की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं हे वेळासला जाऊन आलेल्यांना माहीत असेल. आपल्या पुळणींवर प्लॅस्टिक कामिलोइतकं नाही, तेव्हा लगेच घाबरू नका.

स्कॉटिश_पोहे

एडिनबरोजवळ राहते. आमच्याकडे हे दाणे वेचणं हा चक्क रविवारचा कार्यक्रम आहे. नॉर्थ बेरिकमधली फिड्रा नावाची संस्था 'ग्रेट नर्डल हंट' चालवते (दाण्याला इथे नर्डल म्हणतात). किती लोक, किती मिनिटं, किती दाणे एवढं लिहून पाठवायचं. फोर्थच्या खाडीवर ग्रेंजमाउथचा मोठा पेट्रोकेमिकल पट्टा आहे, त्यामुळे आमच्या वाट्याला भरपूर.

वर्सोवाकर, किनारा साफ होत नाही हे खरं, पण वेचण्याचा उद्देशच तो नाही. मोजदाद हा आहे. कुठे जास्त, कुठे कमी, कोणत्या महिन्यात, हे कळलं की गळती कुठे ते कळतं. जपानमध्ये प्राध्यापक ताकादा २००५ पासून जगभरच्या लोकांकडून पोस्टाने असे दाणे मागवून त्यांना चिकटलेली डीडीटी, पीसीबीसारखी रसायनं मोजतात. तेलकट रसायनं दाण्याला चिकटून बसतात, त्यामुळे कप भरून दाणे म्हणजे त्या समुद्राचा रक्ताचा नमुनाच.

(म्हणून अबोलीताई, परत चावू नका.)

अबोली_७२

चावल्याचं कोणी विसरणार नाही बहुतेक.

तर मोजदाद करायची असेल तर कशी? पुढच्या आठवड्यात परत जातोय, दिवाळीआधीची घराची डागडुजी आहे. घरात पुरणाची चाळणी आणि बादल्या आहेत.

वाळूघड्याळ

पुष्कळ झालं.

भरतीच्या पट्ट्यावर ५० सेंमी बाय ५० सेंमीचा चौकोन आखा, काठ्या पुरून सुतळी लावा. वरची ५ सेंमी वाळू खरवडून घ्या. साधारण एक मोठी बादली भरेल, वीस किलोच्या आसपास, दिराला सोबत न्या. जागा मनाने निवडू नका, नाहीतर जिथे जास्त दिसतात तिथेच चौकोन पडतो. पट्ट्यावरून चालत दर १०० पावलांवर थांबा, असे तीन चौकोन.

वाळू वाळवा. मग बादलीत पाणी घालून ढवळा. पॉलिइथिलीन, पॉलिप्रोपिलीन पाण्यापेक्षा हलकं, साध्या पाण्यातही वर येतं. पॉलिस्टायरीन आणि नायलॉन थोडे जड, त्यासाठी मिठाचं संपृक्त पाणी लागतं, लिटरला साधारण ३६० ग्रॅम मीठ. पीव्हीसी (पाइपचं प्लॅस्टिक) आणि बाटलीचं 'पेट' प्लॅस्टिक मिठाच्या पाण्यातही बुडतं. त्याला प्रयोगशाळेत झिंक क्लोराइड वगैरे वापरतात, तुम्ही त्याच्या वाटेला जाऊ नका.

गजालीवाला

अंडा तरंगला की पाणी तयार, ह्या आमका लोणच्यावाल्यांका शिकव नको.

वाळूघड्याळ

अंडं बरंच आधी तरंगतं. बादलीच्या तळाशी मीठ न विरघळता शिल्लक राहिलं पाहिजे, तेव्हा पाणी तयार. लोणच्याला अंडं पुरे, प्लॅस्टिकला नाही.

मांडवीकाठ

थांबा थांबा. मीठ कुठलं वापरणार? आयआयटी मुंबईच्या दोघा संशोधकांनी २०१८ मध्ये बाजारातल्या समुद्री मिठातच सूक्ष्मप्लॅस्टिक दाखवलं होतं. म्हणजे वाळूतलं प्लॅस्टिक मोजायला प्लॅस्टिकवालं मीठ!

कोलंबीभात

हा धागा मला उपाशी मारणार.

वाळूघड्याळ

मुद्दा बरोबर पकडलात. म्हणूनच आधी नुसतं मिठाचं पाणी दाट सुती कापडातून दोनदा गाळायचं, आणि एका बादलीत वाळू न घालता तेच सगळे सोपस्कार करायचे. त्यात जे मिळेल ते मिठाचं आणि तुमच्या अंगावरच्या कपड्यांचं. अंगात सुती घाला. फ्लीससारखं कृत्रिम धाग्याचं घातलं तर तुमचेच तंतू मोजत बसाल. त्याच आयआयटीच्या निबंधात साध्या वाळूच्या गाळणीतून खारं पाणी गाळलं तर वजनाने ८५ टक्क्यांहून जास्त प्लॅस्टिक निघतं असंही आहे. वाळू अशीही कामाला येते.

मोल्डिंगवाला

दोन दिवस विचार करत होतो लिहावं की नाही.

स्कॉटिशताईंचं "गळती कुठे ते कळतं" वाचून काल युनिट बंद झाल्यावर टॉर्च घेऊन फिरलो. गोणी कापतो तिथे सुरीबरोबर मूठभर सांडतो. पोरगा झाडतो, पण कडेचा झाडूत येत नाही. हॉपर भरताना सांडतो. रिक्षा टेम्पोत गोणी फाटते तेव्हा गेटपाशी सांडतो, पाऊस आला की गेटपासून थेट गटार. गटार नाल्याला, नाला खाडीला. दहा वर्षं त्याच गेटातून जातोय.

तरी जहाजांचं सोडू नका. श्रीलंकेत एक्स-प्रेस पर्ल जळालं २०२१ मध्ये, एकट्यातून १,६८० टन दाणा. ६० हजारांवर गोण्या होतात. जुलै २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १ अब्ज डॉलर भरपाईचा निकाल दिलाय. आणि एवढं होऊनही दाणा जहाजावर 'धोकादायक माल' म्हणून चढत नाही. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२४ मध्ये सूचना काढल्यात, पॅकिंग चांगलं करा, शक्यतो डेकखाली ठेवा, पण त्या ऐच्छिक. ॲसिडचा एक पिंप असेल तर कागदपत्रांचा गठ्ठा लागतो, आणि याला काही नाही.

बघतो काय करता येतं ते.

तर्कट

जाळी बसवा गटाराला. शंभर रुपयांत होईल.

मोल्डिंगवाला

शंभरात तुमच्या घरची मच्छरदाणीही येत नाही. पण बसवतो.

संपादक_मंडळ

एकगठ्ठा भाजप-काँग्रेसचे आठ प्रतिसाद आणि प्लॅस्टिकबंदी कोणाच्या काळात आली याचे चार उडवले आहेत. (महाराष्ट्रात मार्च २०१८, देशभर एकदा वापरायच्या वस्तूंवर १ जुलै २०२२. झालं समाधान?) धागा पुळणीवर राहू द्या.

अबोली_७२

जाऊन आले. उशीर झाला, तिथे रेंज म्हणजे नारळाच्या झाडावर चढावं लागतं.

तीन चौकोन केले. दिराने बादल्या उचलल्या आणि तिसऱ्या बादलीनंतर केरळच्या जहाजाचं नाव घेणं सोडलं. कोऱ्या बादलीत (नुसतं मीठ) सहा बारीक तंतू मिळाले, त्यातले तीन लाल. माझा पंजाबी ड्रेस लाल होता. सुती म्हणून घेतला होता, दुकानदाराला विचारणार आहे.

पहिल्या चौकोनात ३७ दाणे, दुसऱ्यात ४, तिसऱ्यात ६१. तुकडे आणि तंतू मिळून प्रत्येकात दीडशेच्या वर, पुढे मोजायचा कंटाळा केला. दर्यासारंग, तुम्ही म्हणालात तेच, निळ्या-हिरव्या दोरीचे तंतू सगळ्यात जास्त. दुसरा चौकोन ओहोळाच्या तोंडाशी पडला होता, तिथे दाणे जवळजवळ नाहीत पण पाकिटांच्या चकचकीत चिंध्या भरपूर. म्हणजे गावातून येतं ते वेगळं आणि समुद्रातून येतं ते वेगळं, असं लेकीचं मत. वहीत लिहिलंय तिने, तारीख आणि तिथीसकट. सासूबाईंनी तिथी सांगितली, आणि आता त्याच विचारतात, पुढची पौर्णिमा कधी, येणार का मोजायला?

वाळूघड्याळ

लेकीचं मत बरोबर असावं. तीन चौकोनांवर छातीठोक बोलू नये, पण पुढच्या वेळी ओहोळाच्या दोन्ही अंगांना एकेक चौकोन घ्या. आणि जानेवारीत एकदा जा, प्रवाह फिरलेला असेल. तेव्हा तर्कटरावांचा दावाही तपासून होईल.

तर्कट

जानेवारीत मी स्वतः येतो बादली उचलायला. जेवण काय असतं?

कोलंबीभात

तिसऱ्या.

मोल्डिंगवाला

गेटच्या गटाराला स्टीलची बारीक जाळी बसवली. साडेसातशे रुपये आणि एक रविवार. आठ दिवसांनी काढली. चहाच्या गाळासारखा काळा चिखल निघाला. बायकोच्या जुन्या पिठाच्या चाळणीत धुतला, वाळवला, वजन केलं.

३४० ग्रॅम.

भागाकार तुम्हीच करा, मी केलाय. पाऊस त्या आठवड्यात फक्त दोनच दिवस होता. शेजारच्या गाळेवाल्याला दाखवलं, तो म्हणाला माझ्याकडे नाही सांडत. त्याच्या गेटापाशी टॉर्च मारली आणि काही बोललो नाही.

गजालीवाला

चौदा हजार दाणे! मेल्या, आचऱ्याचो अर्धो साबुदाणो तुझोच.

मोल्डिंगवाला

असेल. जाळीतला परत हॉपरमध्ये टाकला, काळ्या बादल्यांत चालतो. अबोलीताई, पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करा, लेकीच्या मोजणीला एक पाठवतो.